आधी हात मांडीखाली!

नोव्हेंबर २००६. जर्मनीतल्या बॉन शहरात जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ या संगणक-प्रोग्रॅमशी बुद्धिबळ खेळत होता. दुसरा डाव. क्रामनिककडे काळी मोहरी. त्याने वजीर ई ३ वर ठेवला आणि पुढच्याच चालीला पांढरा वजीर एच ७ वर येऊन बसला. मात! जगज्जेत्याला एका चालीतली मात दिसली नाही, मग तुमची-आमची काय कथा?

दोस्तांनो, छान चाल सुचली की हात लगेच मोहऱ्याकडे जातो, तिथंच घोटाळा होतो. आधी विचारायचं, ‘समोरच्याने ही चाल का केली?’ मग त्याचे शह बघायचे, मग मारामारी, मग धमक्या. आपल्या चालीचा विचार त्यानंतर.

पट मांडा बघू. तुम्ही काळे. दोघांनीही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. पांढऱ्याचा वजीर एच ५ वर आला. प्यादं वाचवायला तुम्ही घोडा सी ६ वर आणलात, शाब्बास! आता त्याचा उंट सी ४ वर. इथं बरीच मुलं दुसरा घोडा एफ ६ वर उडवतात. वजिरावर हल्ला, काय मजा! पण वजीर एफ ७ चं प्यादं मारतो आणि खेळ खलास.

वजीर आणि उंट, दोघांचाही डोळा एफ ७ वर. तिथं राखणदार एकटा राजा. हे दिसलं की उपाय सुचतात. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव्ह अशा चालींना ‘उमेदवार’ म्हणत. आधी सगळे उमेदवार उभे करायचे, मग एकेकाची परीक्षा. (तुम्ही दोन-तीनच घ्या, घड्याळ चालू असतं!) वजीर ई ७ वर आणला तर आपल्याच उंटाची वाट अडते. जी ७ चं प्यादं एक घर पुढे टाकलं तर वाटही बंद आणि वजीरही पळतो. प्यादंच बरं.

पूर्वी काही प्रशिक्षक सांगत, चाल आधी कागदावर लिहा, पुन्हा पट बघा, मग खेळा. स्पर्धेत आता तसं आधी लिहायला परवानगी नाही. म्हणून हात मांडीखाली!

आता पांढरा वजीर एफ ३ वर गेला. पुन्हा तोच प्रश्न विचारा. मघाशी डाव घालवणारी घोड्याची चाल या वेळी अगदी बरोबर आहे. का बरं?