एका सामन्याच्या दोन नोंदी

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. कॉर्नेल, हार्वर्ड, येल ही नावे आपण परदेशी प्रवेशाच्या संदर्भात घेतो; हिवाळ्यात तेथील क्रीडारसिक ती गुणतक्त्यात शोधत असतात. या तक्त्यातील एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. शूटआऊटमध्ये जिंकलेल्या संघाच्या नावे गटाच्या तक्त्यात विजयाचे गुण पडतात, पण राष्ट्रीय हिशेबात तोच सामना बरोबरीत सुटला असे धरले जाते.

याचे कारण असे की प्रत्येक सामन्याची नोंद दोन वह्यांत होते. पहिली वही कॉन्फरन्सची, म्हणजे महाविद्यालयांच्या गटाची. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत असे सहा गट आहेत. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. या साठ मिनिटांत जिंकणाऱ्यास ३ गुण मिळतात, हरणाऱ्यास शून्य. बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचा जादा वेळ दिला जातो आणि त्यात गोलरक्षकाखेरीज दोन्ही बाजूंचे तीन-तीनच खेळाडू उतरतात. तरीही निकाल न लागल्यास शूटआऊट होते. जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये जिंकणाऱ्यास २ व हरणाऱ्यास १ गुण दिला जातो.

या पद्धतीतील खरी खुबी अशी की सामना कसाही संपला तरी वाटले जाणारे गुण तीनच राहतात. व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगमध्ये तसे नाही. तेथे कोणत्याही विजयाला २ गुण आहेत आणि जादा वेळेत हरणाऱ्यालाही १ गुण मिळतो. म्हणजे साठ मिनिटांत संपलेल्या सामन्यातून दोन गुण निघतात, लांबलेल्या सामन्यातून तीन. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात चलनवाढ दिसली तर नवल नाही. साहजिकच बरोबरी असताना अखेरच्या मिनिटांत दोन्ही संघांचे हित सबुरीत असते. महाविद्यालयीन पद्धतीत हे प्रलोभन उरत नाही. जादा वेळेपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण विजयाचा एक गुण गमवावा लागतो.

समजा, एका संघाने २४ सामन्यांपैकी १३ साठ मिनिटांतच जिंकले आणि ११ तसेच गमावले. त्याचे ३९ गुण झाले. दुसऱ्याने १४ जिंकले, पण त्यांतील ८ जादा वेळेत. शिवाय २ जादा वेळेत आणि ८ साठ मिनिटांत गमावले. त्याचे १८ अधिक १६ अधिक २, म्हणजे ३६ गुण. विजय एकाने जास्त असूनही दुसरा संघ खालीच राहतो.

दुसरी वही राष्ट्रीय आहे. राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ घेतले जातात. प्रत्येक गटाची साखळी संपल्यावर त्या गटाची बाद फेरी होते आणि तिच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो. साखळीत अव्वल राहणाऱ्याला मान मिळतो, सोयीची मांडणी मिळते, पण प्रवेशाची हमी मिळत नाही. उरलेल्या दहा जागा राष्ट्रीय क्रमवारीने भरल्या जातात. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत त्यासाठी प्रत्येक संघाची इतर प्रत्येकाशी तुलना करणारी पेअरवाईज पद्धत होती. २०२५-२६ पासून एनपीआय हा निर्देशांक आला. त्यात गटातील गुणांना स्थान नाही. कोणाला हरवले, कोठे हरवले आणि किती वेळात हरवले, हे पाहिले जाते. परक्या मैदानावरील विजय घरच्या विजयापेक्षा अधिक वजनाचा ठरतो, तर जादा वेळेतील विजय पूर्ण विजयापेक्षा हलका. एखाद्या दुबळ्या संघाला हरवल्यामुळे निर्देशांक खाली येत असेल, तर तो सामना गणनेतूनच वगळला जातो. जिंकल्याबद्दल शिक्षा होऊ नये, हा विचार न्याय्यच म्हणावा लागेल.

मार्च महिन्यात या दोन्ही वह्या समोरासमोर येतात. क्रमवारीत मागे असलेला संघ गटाची बाद फेरी जिंकून गेला की वरून मोजत आलेली एक जागा कमी होते, आणि काठावरच्या एखाद्या संघाचा हंगाम स्वतः न खेळताच संपतो. २०२५ मध्ये कॉर्नेल आपल्या ईसीएसी गटाच्या साखळीत पहिल्या चारांतही नव्हता. प्रशिक्षक माईक शॅफर यांचा तो तिसावा आणि अखेरचा हंगाम होता. गटाची बाद फेरी त्यांच्या संघाने जिंकली आणि थेट प्रवेश मिळवला. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी बलाढ्य मिशिगन स्टेटला ४-३ असे नमवले.

राष्ट्रीय स्पर्धेत गुण नाहीत, शूटआऊटही नाही. बरोबरी झाल्यास पूर्ण संघांनिशी गोल होईपर्यंत खेळ चालतो. कॉर्नेलचा पुढचा सामना बोस्टन विद्यापीठाशी झाला. तो जादा वेळेत गेला, गोल बोस्टनने केला आणि शॅफर यांची कारकीर्द तेथेच थांबली.