सेकंड हँड ट्रेल सायकल घेताय? आधी मोबाईलचा टॉर्च काढा

दहावीनंतर माझी सायकल सुटली ती सुटलीच. कॉलेजला स्कूटी आली, नोकरी लागल्यावर खुर्ची आली. अठ्ठावीसाव्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये साखर सीमारेषेवर निघाली. बाबांना डायबिटीस आहे, त्यामुळे घरात या विषयावर फार चर्चा झाली नाही, थेट आदेशच निघाला. जिमचे पैसे आधी दोनदा वाया घालवून झाले होते, म्हणून सायकल घ्यायचं ठरवलं. ती डांबरी रस्त्याची नको होती, कारण सकाळी बीड बायपासवर ट्रकांच्या शेजारून सायकल दामटायची माझी हिंमत नाही. सातारा-देवळाईकडचा डोंगर, औरंगाबाद लेण्यांच्या पायथ्याचा मुरूम, अशा पायवाटांवर चालेल अशी सायकल हवी होती.

ऑनलाइन जाहिरातीत एक सापडली. २१ गिअर, दोन्हीकडे शॉकअप, चकाचक रंग, फक्त साडेसात हजार. मी गिअर मोजले, हॉर्नच्या जागी लावलेली बेल वाजवून बघितली आणि पैसे दिले. चौथ्या रविवारी साई टेकडीवरून उतरताना पुढून कट-कट आवाज यायला लागला. मिस्त्रीने रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसला आणि हँडलखालच्या जोडावर बोट ठेवलं. वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी बारीक चीर होती. त्याच्या मते ती आजची नव्हती, रंग तिच्यावरून मारलेला होता. त्या उतारावर मी चांगल्या वेगात होतो. फ्रेम तिथे तुटली असती तर पुढचं चाक एकीकडे आणि मी दुसरीकडे गेलो असतो.

यानंतर दुसरी सायकल घेताना मी दीड महिना घेतला आणि नऊ सायकली बघितल्या. तेव्हा जे शिकलो ते इथे लिहितोय.

ट्रेल सायकल म्हणजे नक्की काय

आपल्याकडे जाड टायर आणि पुढे शॉकअप असला की तिला सरसकट 'एमटीबी' म्हणतात. खरी ट्रेल सायकल वेगळी असते. तिचा शॉकअप साधारण १२० ते १५० मिलिमीटर दबतो आणि पुढचा काटा जास्त तिरका असतो. भारतात परवडणाऱ्या किमतीत मिळतात त्या बहुतेक ८० ते १०० मिलिमीटर शॉकअपच्या 'हार्डटेल', म्हणजे मागे शॉकअप नसलेल्या सायकली. आपल्या मुरमाच्या वाटांना आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्या पुरतात. स्वस्तातला मागचा शॉकअप मात्र टाळाच. नुसती स्प्रिंग असते, पॅडल मारलं की सायकल उड्या मारते, वजन वाढतं, आणि त्याचे बुश सैल झाले की दुरुस्त करणारा सापडत नाही.

जुनी सायकल घेण्यात कमीपणा वाटत असेल तर एक गंमत सांगतो. हा सगळा प्रकार सुरूच झाला भंगारातल्या सायकलींवर. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या उतारांवर काही पोरं १९३०-४० च्या काळातल्या जड, जाड टायरच्या सायकली घेऊन खाली सुटायची. एका उतरणीत ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून तिथल्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. पहिली रिपॅक २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली.

तिरकेपणा तुम्ही मोबाईलने मोजू शकता. कोन मोजणारं कुठलंही लेव्हल ॲप उघडा, सायकल सपाट फरशीवर सरळ उभी धरा आणि फोनची कड शॉकअपच्या नळीला समांतर टेकवा. जमिनीशी ७०-७१ अंश आले तर जुन्या पद्धतीची, सपाट वाटेवर चपळ सायकल. ६६ च्या आसपास किंवा कमी आले तर ती उतारासाठी बनवलेली. ७१ अंशाच्या सायकलवर तीव्र उतारावर आपण हँडलवरून पुढे फेकले जातोय असं वाटत राहतं. मी घेतली ती ६९ अंशांची, म्हणजे मधली.

फ्रेम: इथे घाई नको

बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम गेली की सायकल गेली. या सायकलींच्या फ्रेम बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात. स्टीलवर ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते टिकतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, प्रत्येक धक्क्याचा हिशोब ते कुठेतरी लिहून ठेवतं. त्यामुळे पाच वर्षं दगडांवर आपटलेली फ्रेम आणि पाच वर्षं बाल्कनीत उभी असलेली फ्रेम दिसायला सारखी, पण आतून वेगळी.

माझ्या चिरेबद्दल वाळूजला काम करणारा एक मित्र म्हणाला, "आण, टिग मारून देतो." वेल्डिंग तो उत्तमच करतो. अडचण अशी की ६०६१ सारख्या मिश्रधातूला ताकद येते ती उष्णता प्रक्रियेने. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या आजूबाजूची ती ताकद उतरते, आणि कारखान्यासारखी पूर्ण फ्रेम पुन्हा भट्टीत घालायची सोय आपल्याकडे नसते. जोड टिकेल, शेजारी तुटेल. मी नाही म्हणालो. सायकल सुट्या भागांच्या भावात गेली, बावीसशे रुपये आले.

तपासायची पद्धत सोपी आहे. ओलं फडकं घेऊन जा आणि विकणाऱ्यासमोर जोड पुसा. मग टॉर्च समोरून न मारता नळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. आडव्या उजेडात चीर, पोचा, रंगाखालची सुरकुती सावली टाकते. हँडलखालचा जोड, सीटची नळी जिथे आत जाते ती जागा, आणि पॅडलजवळचे जोड, या तिन्हींचे झूम करून फोटो काढा. एकाच ठिकाणी वेगळ्या छटेचा रंग किंवा नेमकं जोडावर स्टिकर दिसलं तर नमस्कार करून निघा.

स्लो मोशन कामाला लावा

सायकल उलटी करून चाक फिरवा आणि ब्रेकजवळून स्लो मोशन व्हिडिओ काढा. रिंग डावी-उजवी हलताना लगेच दिसते. दोन-तीन मिलिमीटर आऊट असेल तर मिस्त्री तारा ओढून काढून देतो. पण एखाद्या ठिकाणी रिंग झटका मारत असेल तर ती आपटलेली आहे, नवीन रिंगचा खर्च धरा.

याच वेळी मागच्या चाकाचं एक गुपित कळतं. स्वस्त सायकलींना 'फ्रीव्हील' असतं, जरा बऱ्या सायकलींना 'कॅसेट'. फ्रीव्हीलमध्ये उजव्या बाजूचे छर्रे आतल्या बाजूला राहतात, एक्सलचं टोक आधाराविना पडतं आणि खड्ड्यात आपटून ते वाकू शकतं. माझं वजन ८४ किलो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नव्हता. ओळखायचं असं: पॅडल उलटं फिरवा आणि सगळ्यात लहान दात्याच्या चक्रीच्या आतली खाचांची गोल रिंग बघा. ती चक्रीसोबत फिरली तर कॅसेट, ती थांबून फक्त दाते फिरले तर फ्रीव्हील. सात गिअरला बहुतेक फ्रीव्हील निघतं, नऊच्या पुढे जवळपास कॅसेटच.

गिअरच्या एकूण संख्येला भुलू नका, मी भुललो होतो. मागच्या गिअरवरचं नाव वाचा. शिमानोचा चढता क्रम टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर असा आहे. २०२३ पासून मधल्या नावांच्या जागी 'क्यूज' ही मालिका येऊ लागली, पण सेकंड हँड बाजारात जुनीच नावं भेटतील. अल्टसच्या खाली जाऊ नका, हे माझं मत.

चेन मोजायला साधी फूटपट्टी चालते. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नवीन चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला तर चेन बदलायला आली. एक अष्टमांश गेला तर चेनने मागचे दातेही खाल्लेले असणार, दोन्हीचे पैसे भावातून वजा करा.

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर लिव्हर अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू हँडलकडे बुडत गेला तर कुठेतरी गळती आहे किंवा हवा शिरली आहे. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, बाईकचं डॉट ऑइल घातलं तर आतले रबर फुगून ब्रेक जातो. केबलवाला डिस्क ब्रेक दिसला म्हणून नाक मुरडू नका, केबल कुठेही मिळते.

शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा. नख अडकलं म्हणजे ओरखडा आहे, तो सील कापत राहणार. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर हँडलचे छर्रे सैल असतील किंवा शॉकअपचे बुश गेले असतील. पहिलं काम शंभर-दोनशेचं, दुसऱ्यात अनेकदा अख्खा शॉकअप बदलावा लागतो. कुठून हलतंय ते सांध्यावर बोट ठेवून ओळखा.

टायरच्या कडेवरचा आकडाही वाचा. ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस, ६२२ म्हणजे २९. साधा २६ चा टायर गल्लीतही मिळतो, पण त्या मापात चांगल्या पकडीचा टायर शोधताना दमछाक होते.

पैसे देण्याआधी

सायकलला आरसी बुक नसतं. मालकी सिद्ध करणारी गोष्ट म्हणजे मूळ बिल आणि पॅडलच्या खालच्या बाजूला कोरलेला फ्रेम नंबर. त्याचा फोटो घ्या. बिल नसेल तर विकणाऱ्याचं नाव, फ्रेम नंबर, तारीख, रक्कम कागदावर लिहून सही घ्या. नंबर घासलेला दिसला तर ती सायकल कोणाच्या तरी जिन्यातून उचललेली असण्याची शक्यता आहे. अशी सायकल फुकटातही नको.

जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. मला एक 'नवीकोरी' सायकल अशीच दुसऱ्याच शहराच्या जुन्या जाहिरातीत सापडली. "बदली झालीय, टोकन पाठवा, सायकल पार्सलने येईल" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तुम्ही स्वतः सायकल विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० वर फोन करा.

मी शेवटी गारखेड्यातल्या एका मुलाची सायकल घेतली. साडेसत्तावीसचं चाक, मागे अल्टस नऊची कॅसेट, बाल्कनीत धूळ खात पडलेली. तो सोळा हजार म्हणत होता. मी फूटपट्टी दाखवली, चेन आणि कॅसेटचे पैसे वजा केले, साडेतेरावर जमलं. चेन, कॅसेट, ब्रेक पॅड आणि मजुरी मिळून आणखी तीन हजार गेले.

एक खर्च मात्र मी धरलाच नव्हता. पहिल्याच आठवड्यात सराट्यांनी आणि विलायती बाभळीच्या काट्यांनी चार पंक्चर काढले. आता ट्यूबमध्ये सीलंट भरलंय, आणि पावसाने काळी माती ओली झाली की त्या वाटेला जातच नाही. ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी थापली जाते की सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते. बाबा गेटवर उभे होते. "घेतली चालवायला आणि आणली उचलून," म्हणाले, आणि पाण्याचा पाइप आणायला आत गेले.