आधी बघा, मग फी भरा

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडचं अलॉटमेंट लागलं की आमच्या कॉलेजात सकाळी साडेसातलाच धावपळ सुरू व्हायची. दाराशी मांडव, मांडवाखाली टेबलं, टेबलांवर माहितीपत्रकांचे गठ्ठे. मामा लोक कॉरिडॉर पुसून घ्यायचे आणि कॉम्प्युटर लॅबचा एसी तासभर आधीच लावून ठेवायचे. आम्हा प्राध्यापकांना आदल्या दिवशीच सूचना मिळालेली असायची: पालकांना आधी कॉम्प्युटर लॅब दाखवा, मग ग्रंथालय, मग सेमिनार हॉल, शेवटी प्लेसमेंटचा फलक. फलकाच्या शेजारीच फीचं काउंटर.

प्रवेश समितीत मी बरीच वर्षं काम केलं. राहायला मुंबईत मानखुर्दला. दिवसा काउंटरच्या आतल्या बाजूला बसायचं, आणि संध्याकाळी घरी आलं की महाराष्ट्र नगर, पीएमजीपी कॉलनी, लल्लूभाई कंपाउंड इथले आईबाप मुलांच्या अलॉटमेंटचा कागद घेऊन विचारायला यायचे. त्यामुळे ही गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाली. प्रवेश मिळालेल्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी कॉलेज आतून बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत, हे माझं ठाम मत त्यातूनच झालं. बघण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण आमच्याकडची बहुतेक कुटुंबं कॉलेजात पहिल्यांदा जातात ती थेट फी भरायलाच.

लेथचा ट्रे

एका वर्षी गोवंडीच्या गाळ्यात टर्नरचं काम करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाला मेकॅनिकल लागलं होतं. इमारतीत शिरताना त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, चपला बाहेर काढू का?" लॅब, ग्रंथालय सगळं त्यांनी मुकाट्याने पाहिलं. मग म्हणाले, "वर्कशॉप बघता येईल का?"

वर्कशॉप दाखवायच्या यादीत नव्हतं. किल्ली शोधण्यात बराच वेळ गेला. आत ओळीने लेथ उभे होते. त्यांनी पहिल्या लेथच्या ट्रेमध्ये हात फिरवला. हाताला धूळ लागली. गिअर न्यूट्रलला टाकून चक हाताने फिरवायला गेले, तो हलेना. टूलपोस्टवर गंज चढलेला. दुसऱ्या, तिसऱ्या मशीनचीही तीच गत. चौथ्या लेथच्या बेडवर मात्र तेल होतं आणि ट्रेमध्ये लोखंडाचा कीस पडलेला होता. ते इन्स्ट्रक्टरना म्हणाले, "साहेब, चालू मशीन हे एकच ना? मग सगळी बॅच यावर जॉब कसा करते?" इन्स्ट्रक्टर सरळ माणूस. म्हणाले, "एकजण करतो, बाकीचे बघतात."

आमच्या माहितीपत्रकात वर्कशॉपबद्दल अर्धं पान मजकूर होता. त्या माणसाने दहा मिनिटांत त्या अर्ध्या पानाची खरी किंमत काढली. मुलाने सीट हातची जाऊ दिली नाही, पण बेटरमेंटचा पर्याय ठेवला आणि पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज मिळाल्यावर तिकडे गेला. त्या वर्षीच्या विभागाच्या बैठकीत लेथच्या दुरुस्तीचा खर्च निघाला. पालक विचारू लागले की व्यवस्थापन हलतं, हे मी तिथे बसून पाहिलं आहे.

आपण शिकलेले नाही, आपल्याला कॉलेजातलं काय कळणार, असं म्हणत अनेक वडील दाराबाहेरच थांबतात. त्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगते. इलेक्ट्रिशियन माणसाला स्विचबोर्ड बघून पुष्कळ कळतं. गवंड्याला भिंतीची ओल दिसते. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बाईला होस्टेलच्या मेसमध्ये पाय ठेवताच अंदाज येतो.

मावशींकडची किल्ली

महाराष्ट्र नगरातली एक आई मुलीला घेऊन आली होती. सगळं दाखवून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "ताई, मुलींचं बाथरूम कुठंय?" पाहुण्यांसाठीचं होतं ते मी दाखवलं. ती म्हणाली, "हे नाही, पोरी रोज जातात ते." त्या मजल्यावरच्या बाथरूमला कुलूप होतं आणि किल्ली मावशींकडे. मावशींनी दार उघडलं. आत दोन नळ कोरडे, एका दाराला कडी नाही. त्या आईने मावशींनाच विचारलं, "पाणी किती वाजेपर्यंत असतं?" मावशी म्हणाल्या, "दुपारपर्यंत."

मायलेकी त्या दिवशी लगेच परत गेल्या नाहीत. प्रॅक्टिकल संपायची वेळ होईपर्यंत थांबल्या आणि मग कॉलेजच्या दारापासून स्टेशनपर्यंत चालत गेल्या. रस्त्यावर दिवे कुठवर आहेत, रिक्षा मिळते का, वाटेत दुकानं उघडी असतात का, सगळं पाहिलं. मुलीला चार वर्षं ज्या वेळी घरी परतायचं आहे त्या वेळचा रस्ता बघायला हवा, एवढं शहाणपण आमच्या समितीतल्या कुणाला सुचलं नव्हतं.

मानखुर्दच्या मुलांसाठी गाडीचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. नुसतं अंतर बघून भागत नाही, गाडी कुठे बदलावी लागते ते बघायचं. वाशीला जायचं तर खाडी ओलांडली की स्टेशन आलंच. विद्याविहारला कुर्ल्याला बदलून एकच स्टेशन. १८८७ मध्ये स्थापन झालेली आणि आता माटुंग्याला असलेली व्हीजेटीआय लागली तर कुर्ल्यानंतर शीव आणि मग माटुंगा. पण सकाळच्या गर्दीत कुर्ल्याचा पूल चढून मेन लाइनच्या गाडीत शिरणं म्हणजे काय, हे रविवारी दुपारी जाऊन कळत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, कॉलेज बघायला जाल तेव्हा रोज पकडावी लागेल तीच गाडी पकडून जा.

फलकावरचे चेहरे

प्लेसमेंटच्या फलकावर हसरे फोटो असतात आणि प्रत्येक फोटोखाली पगाराचा आकडा. यातली एक आतली गोष्ट पालकांना माहीत असायला हवी. एकाच मुलाला तीन कंपन्यांनी घेतलं तर काही ठिकाणी त्या तीन ऑफर धरल्या जातात, आणि वाचणाऱ्याला वाटतं, तीन मुलांना नोकऱ्या लागल्या. मुलाने स्वतःच्या ओळखीवर बाहेर मिळवलेली नोकरीही कधीकधी त्याच बेरजेत जाते. म्हणून सर्वांत मोठा पगार किती, हे विचारू नका. तुमच्या ब्रँचमधून गेल्या वर्षी किती मुलं पास झाली, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगारांच्या यादीत मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले, हे विचारा. या तीन प्रश्नांवर समोरचा माणूस कागद काढतो की विषय बदलतो, त्यावर बरंच समजतं.

माहिती द्यायला गळ्यात बिल्ला घालून उभी असलेली मुलं निवडलेली असतात. ती खोटं बोलत नाहीत, पण काय सांगायचं ते त्यांना सांगून ठेवलेलं असतं. खरी माहिती हवी असेल तर कॉलेजबाहेरच्या वडापावच्या गाडीवर दुसऱ्या वर्षाची मुलं गाठावीत. जर्नल कोण तपासतं, केटी कोणत्या विषयात जास्त लागतात, यंदा किती सर आणि मॅडम सोडून गेले, हे ती घडाघडा सांगतात. आमच्याच एका विद्यार्थ्याने एका मुलीला गाडीवर सांगितलं होतं, "कॉम्प्युटरला ये, पण गणित स्वतः करायची तयारी ठेव, शिकवायला कायम माणूस नाहीये." मुलगी आली, पहिल्या दिवसापासून गणिताची तयारी ठेवून आली आणि छान पास झाली. खरी उणीव आधी समजली तर माणूस तिची सोय करतो.

काउंटरवरची पिशवी

पैशाचे किस्से मनाला फार लागतात. एक वडील कापडी पिशवीत नोटा घेऊन रांगेत उभे होते. बचत गटाचं कर्ज, थोडे उसने, थोडे मालकाकडून उचल. मुलगी इतर मागास प्रवर्गातली, प्रवेश कॅपमधून झालेला. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. त्याआधी ती ५० टक्के होती. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना रांगेतून बाजूला घेतलं, महाडीबीटीवरच्या अर्जाची माहिती लिहून दिली आणि पिशवी घरी न्यायला सांगितलं. आधी एकदा नुसतं बघायला आले असते, तर ते कर्ज काढावंच लागलं नसतं.

दुसरी भीती मूळ कागदांची. एलसी एकदा दिली की अडकलो, या धास्तीने मुलं चांगलं कॉलेज लागूनही पहिल्या जागी थांबतात. मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क सोडून पूर्ण फी परत, त्यानंतर टप्प्याटप्प्याने कपात, असा त्या अधिसूचनेतला हिशेब आहे. ती अधिसूचना मोबाइलमध्ये ठेवून काउंटरवर जावं.

बघायचं कधी?

अमेरिकेत मार्चअखेरपर्यंत प्रवेशाची पत्रं हातात पडतात आणि बऱ्याच कॉलेजांना होकार कळवायची ठरलेली तारीख १ मे असते. मधला एप्रिल हा बघण्याचा महिना. प्रवेश मिळालेल्या मुलांना कॉलेज बोलावून घेतं, चालू वर्गात बसवतं, काही ठिकाणी रात्री वसतिगृहातही ठेवतं.

आपल्याकडे अलॉटमेंट आणि रिपोर्टिंग यांच्या मध्ये जेमतेम काही दिवस मिळतात. त्यात दाखले, झेरॉक्स आणि पैशांची जमवाजमव. शिवाय नियमही समजून घ्यायला हवेत. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीज होत होती, म्हणजे पुढच्या फेरीत ती बदलता येत नव्हती. अकरावीलाही पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वरच्या पर्यायांची कॉलेजं ऑप्शन फॉर्म भरण्याआधीच बघून यायला हवीत. खालचा पर्याय लागला तर सीट स्वीकारून पुढच्या फेरीपर्यंतचे दिवस हातात असतात. तेव्हा ते कॉलेज सावकाश बघावं.

मोठ्या फाटकांच्या आत

मानखुर्दच्या मुलांची अडचण वेळेच्याही आधी सुरू होते. मोठ्या संस्थेच्या फाटकातून आत जायची सवयच नसते. आमच्या पुरव मार्गावर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या खोल्यांत सुरू झालेली ही संस्था १९९२ मध्ये मानखुर्दला आली. विज्ञान ऑलिंपियाडच्या शिबिरांना देशभरातली मुलं इथे येतात. त्याच रस्त्याने बसमधून शाळेत गेलेल्या आमच्या एका मुलाला वर्षानुवर्षं वाटत होतं, की ते अणुशक्तीवाल्यांचं ऑफिस आहे.

टाटा समाजविज्ञान संस्थेचंही तेच. १९३६ मध्ये नागपाड्याच्या वस्तीत समाजकार्याचं शिक्षण देण्यासाठी ती सुरू झाली आणि १९५४ मध्ये देवनारला आली. पीएमजीपीतल्या एका मुलीला तिथे एमएला प्रवेश मिळाला, तर ती नाही म्हणायला निघाली होती. म्हणायची, "तिथे सगळे इंग्रजीत बोलतात, माझा निभाव नाही लागणार." मी म्हटलं, "नाही म्हण, पण आत जाऊन म्हण." आम्ही दोघी गेलो. कॅन्टीनमध्ये परभणीकडची एक दुसऱ्या वर्षाची मुलगी भेटली. तिनेही पहिले तीन महिने इंग्रजीपायी रडून काढले होते. पण नोट्स कशा काढायच्या, कुणाला विचारायचं, ग्रंथालयात कुठे बसायचं, हे तिने ओळखपाळख नसताना तासभर बसून सांगितलं. घरी परतताना ही मुलगी फीच्या सवलतीचे कागद कोणते लागतील ते विचारत होती.

करता येण्यासारखं

यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही. सीईटी सेलने वेळापत्रकात अलॉटमेंट आणि रिपोर्टिंगच्या मध्ये कॉलेज पाहण्याचे दोन दिवस राखून ठेवावेत. त्या दोन दिवसांत फीचं काउंटर बंद आणि प्रत्येक वर्कशॉप, लॅब, बाथरूम उघडं असावं. उत्तरं द्यायला दुसऱ्या वर्षाची कोणतीही मुलं असावीत. निवडून घेतलेली नकोत. मानखुर्द-गोवंडीच्या शाळांनी दहावीच्या मुलांना वर्षातून एकदा आपल्याच वॉर्डातल्या संस्थांच्या आत न्यावं, म्हणजे पुढे कोणत्याही कॉलेजच्या दाराशी ती बिचकणार नाहीत. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना तर मी कळकळीने सांगते, की येणाऱ्या पालकाला आधी वर्कशॉप दाखवा. कॉलेज चांगलं असेल तर यात तुमचं काहीच जात नाही.

आणि मुलांनो, ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजचा कोड टाकण्याआधी आईला किंवा पप्पांना घेऊन कामकाजाच्या एका दिवशी तिथे जाऊन या. पैसे घरी ठेवा, मूळ कागद घरी ठेवा. प्रश्न लिहून न्या आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.