वीस मीटरांचा कडा आणि जोखमीचा हिशेब

आपल्या समाजातील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी शेफील्ड, मँचेस्टर, लीड्स अशा शहरांत जातात. एखाद्या रविवारी तेथून फोन येतो, "पप्पा, विद्यापीठाच्या क्लबबरोबर कडा चढायला चालले आहे." घरात क्षणभर शांतता पसरते. मग आई काळजीच्या स्वरात नको म्हणते आणि वडील खर्चाचा विषय काढतात. परंतु माल न पाहता भाव ठरविणे ही आपली रीत नव्हे. होकार किंवा नकार देण्यापूर्वी हे प्रस्तरारोहण नेमके कसे चालते, ते समजून घेणे इष्ट ठरेल.

शेफील्डच्या पश्चिमेस पीक डिस्ट्रिक्ट हे १९५१ साली स्थापन झालेले ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे स्टॅनेज एज नावाचा सुमारे सहा किलोमीटर लांबीचा कडा आहे. ग्रिटस्टोन या खरखरीत वालुकाश्माचा हा कडा बहुतेक ठिकाणी दहा ते वीस मीटर उंच आहे. याच दगडाची पूर्वी गिरण्यांसाठी जाती घडवीत. मागणी सरल्यावर गिऱ्हाइकाविना राहिलेली जाती आजही पायथ्याशी गवतात पडलेली दिसतात. कडा बुटका असल्याने एकाच दोराच्या लांबीत, मध्ये न थांबता माथा गाठता येतो. अशा चढाईस 'सिंगल पिच' म्हणतात.

येथील परंपरा अशी की, खडकात कायमची मेख ठोकायची नाही. दोराला बांधलेल्या दोघांपैकी आघाडीचा आरोहक प्रथम चढतो. खडकातील भेग पाहून तो तारेला जोडलेली धातूची पाचर त्यात अडकवितो, ओढून तिची परीक्षा करतो आणि कॅराबिनरमधून आपला दोर तिच्यात ओवतो. या पाचरीला 'नट' म्हणतात. प्रारंभीचे आरोहक खरोखरच यंत्रांचे नट आतील आटे घासून वापरीत असत, त्यावरून हे नाव आले. खाली उभा असलेला जोडीदार दोर सोडतो आणि प्रसंगी रोखून धरतो. यास 'बिले' देणे म्हणतात.

आता हिशेब पाहू. शेवटचा आधार दोन मीटर खाली असताना हात सुटला, तर आरोहक आधारापर्यंत दोन व त्याखाली आणखी दोन, असा किमान चार मीटर पडतो. शिवाय दोर ताणला जातो, तो वेगळा. आधार तीन मीटर उंचीवर आणि आरोहक सहा मीटरवर असेल, तर तारण भक्कम असूनही तो थेट जमिनीवर येतो. 'कडा लहान, म्हणून धोका लहान' हा समज येथे खोटा ठरतो, कारण लहान कड्यावर जमीन फार जवळ असते. म्हणून पहिले दोन-तीन आधार वेळेवर आणि जवळजवळ लावणे हे सर्वांत महत्त्वाचे.

कर्ज-प्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास ब्रिटिश श्रेणीपद्धती विशेष भावली. प्रत्येक मार्गास तेथे दोन खुणा असतात. अक्षरी खूण मार्गाचे एकंदर गांभीर्य सांगते आणि आकडा त्यातील सर्वांत अवघड हालचाल किती कठीण, ते सांगतो. 'व्हीएस ५ए' म्हणजे एखादी जागा बरीच अवघड, पण तेथे आधार बहुधा चांगला मिळतो. 'व्हीएस ४ए' म्हणजे हालचाली त्या मानाने सोप्या, परंतु आधार अपुरे. नवख्यास दुसरा मार्ग सोपा वाटतो आणि जाणता नेमका तेथेच सावध होतो. व्यवहार सोपा दिसतो, पण तारण दुबळे आहे, हे त्या लहानशा आकड्यातून कळते.

माथ्यावर पोहोचल्यावर आघाडीचा आरोहक दोन-तीन स्वतंत्र आधार एकत्र बांधतो. त्यांतील एक निसटला, तरी उरलेल्यांनी भार पेलावा, हा हेतू. मग तो वरून दोर ओढून धरतो व जोडीदार चढू लागतो. दोर वरून येत असल्याने याचा हात सुटला, तरी तो सहसा थोडाच खाली येतो. म्हणूनच नवशिक्यास प्रथम या दुसऱ्या जागी चढवितात. त्याच्याकडे काम मात्र मोठे असते. प्रत्येक पाचर सोडवून घेणे आणि ती कशी बसविली होती, हे पाहणे. तोच या चढाईचा हिशेबतपासनीस. तो वर येतो, तेव्हा खडकात काहीही मागे उरत नाही.

या पद्धतीने अमेरिकेत एका व्यापाऱ्याचा व्यवसायच बदलला. इव्हॉन शुईनार्ड यांचा पोलादी मेखा, म्हणजे पिटॉन, बनविण्याचा व्यवसाय होता आणि मेखा हाच त्याचा मुख्य आधार होता. मेखा ठोकून-काढून योसेमिटीच्या भेगा विद्रूप होत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी तो माल कमी करीत नेण्याचे ठरविले. ब्रिटनमध्ये आधीच रूढ असलेल्या पाचरींची शिफारस त्यांनी १९७२ च्या आपल्या विक्रीपुस्तिकेत केली आणि गिऱ्हाइकांनी ती उचलून धरली.

स्टॅनेजचा आणि आपल्या देशाचाही एक संबंध आहे. मँचेस्टरच्या प्लंबिंगकाम करणाऱ्या जो ब्राउन यांनी १९४९ मध्ये स्टॅनेजवरील 'राइट अनकॉन्करेबल' हा मार्ग प्रथम चढला. १९५५ च्या मे महिन्यात जॉर्ज बँड यांच्यासह कांचनगंगावर प्रथम पोहोचणारेही तेच. शिखरालगतची अखेरची खडकातील भेग ब्राउन यांनी आघाडीवर राहून चढली. लहान कड्यांवरचा सराव तेथे कामी आला. सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखण्याचे वचन मोहिमेने दिले होते, म्हणून ते दोघे माथ्याच्या काही फूट खालीच थांबले.

तेव्हा मुलीचा फोन आला, तर 'भीती वाटत नाही का?' एवढेच विचारून थांबू नये. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? त्याचा अनुभव किती? तू आघाडीवर जाणार की दुसऱ्या जागी? निघण्यापूर्वी एकमेकांच्या गाठी व हार्नेस कोण तपासते? डोक्यावर हेल्मेट आहे ना? पाऊस आला, तर परत फिरायचे ठरले आहे का? उत्तरे स्पष्ट आणि शांतपणे आली, तर तिच्या निर्णयावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही. उत्तरे देताना ती चाचरली, तर 'हा रविवार राहू दे, आधी हे विचारून घे' असे सांगावे. जोखीम तपासण्याची ही सवय तिला पुढे दुकानाच्या गादीवर बसतानाही उपयोगी पडेल.