उन्हाच्या वेळा

पहाटे ५.३०. झाडलोट, धुणं, वाळत घालणं उजाडायच्या आत उरकते. आठनंतर अंगणात माझं काम नाही. मला जन्मतः वर्णकहीनता आहे. रंग बनवणाऱ्या पेशी त्वचेत आहेत, पण त्या मेलॅनिन जवळजवळ बनवत नाहीत. कोड निराळं, त्यात त्या पेशीच नष्ट होतात.

८.४५. तोंड, मान, हातांवर सनस्क्रीन. कानांच्या पाळ्यांनाही, तिथं लावायचं बहुतेक जण विसरतात. वर सनकोट आणि काळा चष्मा.

९.१५. एसटीची पाटी मला वाचता येत नाही. "ताई, कुठली गाडी?" चष्मा असून दिसत कसं नाही, असा प्रश्न हमखास येतो. गर्भात डोळा घडतानाही मेलॅनिन लागतं. ते नसलं की दृष्टिपटलाचा मध्यभाग, ज्यानं आपण बारीक बघतो, तो पुरता घडत नाही आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटही बदलते. नंबर लावून हे भरून येत नाही. लोक रंग बघून हळहळतात. माझी रोजची झुंज नजरेशी आहे.

१०.३०. परिपाठ लिंबाखाली. मग दुसरीचा वर्ग. माझी बुबुळं सतत हलतात. मान जरा डावीकडे वळवली की हलणं कमी होतं, अक्षर लागतं. नव्या मुलांना वाटतं, बाई खिडकीकडे बघतात. चार दिवसांत त्यांना सवय होते.

दुपारी १.३०. वस्तीवरची एक बाळंतीण चार महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळ माझ्यासारखंच. "बाई, ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं का? सासूबाई तेच म्हणतात."

"अगं, नाही. एक जनुक तुझ्याकडून आलं, एक त्याच्या बाबांकडून. दोघांत ते लपलेलं होतं. नात्यात लग्न झालं की असं जुळण्याची शक्यता वाढते. आणि प्रत्येक खेपेला चारांत एक, एवढाच हिशेब." ती मामाच्याच मुलाला दिलेली. बराच वेळ बोलली नाही. तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचं नाही, डोळे आत्ताच दाखवायचे, शाळेत पहिल्या बाकावर बसवायचं, हे मी दोनदा सांगितलं. तिला दोष लावणाऱ्यांचा मला फार राग येतो.

३.००. पुन्हा सनस्क्रीन. वह्या मोबाइलवर अक्षर मोठं करून तपासते.

६.४५. ऊन उतरल्यावर बाजार, उघड्या तोंडानं.

९.००. बहीण माझी पाठ तपासते. अशा कातडीला उन्हानं कर्करोग होऊ शकतो, म्हणून न भरणारी जखम बघायची. मग त्या बाळंतिणीला फोन: नेत्रतपासणी बुधवारी, सासूबाईंनाही घेऊन ये.