डोलणारी मान आणि मेंदूतील पुटी

तंजावरची मान डोलावणारी बाहुली सर्वपरिचित आहे. पाश्चात्त्य देशांतही डोके स्प्रिंगवर बसविलेल्या अशा बाहुल्या मिळतात. लहान मुलांतील एका विरळ विकाराचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला त्या बाहुलीचेच नाव देण्यात आले.

मूल दोन-तीन वर्षांचे असताना त्याचे डोके पुढेमागे हलू लागते. सेकंदाला साधारणतः दोन ते तीन वेळा. क्वचित ते नकार दिल्यासारखे आडवेही हलते. मूल झोपले की डोलणे थांबते. ‘मान हलवू नकोस’ असे बजावले, तरी क्षणभर थांबते. घात होतो तो येथेच. जी हालचाल आवरता येते ती खोड असली पाहिजे, असा समज घरच्यांचाच नव्हे, तर कधीकधी वैद्यांचाही होतो आणि मोलाचे महिने वाया जातात.

दोष असतो मेंदूच्या मध्यभागी. मेंदूतील द्रवयुक्त पोकळ्यांना मस्तिष्कविवरे म्हणतात. त्यांपैकी तिसरे विवर म्हणजे उजव्या व डाव्या थॅलॅमसमधील अरुंद फट होय. पोष ग्रंथीच्या वर मेंदूच्या पातळ आवरणाची द्रवाने भरलेली पुटी असली, तर ती वाढता वाढता या विवरात घुसते. द्रवाची वाट अडते, तो साचतो आणि डोक्याचा घेर वाढतो. मान का डोलते, याविषयी मात्र मतभेद आहेत. फुगलेल्या विवराचा थॅलॅमसवर दाब पडतो, असे काही मानतात. डोके हलविल्याने पुटी किंचित सरकून द्रवाला वाट मिळते व मूल नकळत ही युक्ती शिकते, असे इतरांचे म्हणणे. ही कल्पना मनोवेधक खरी; पण द्रवाची कोंडी फुटल्यावरही काही मुलांची मान डोलतच राहते, हे तिने उलगडत नाही.

पुटीच्या लगतच दोन्ही डोळ्यांच्या तंत्रिका एकमेकींना छेदतात. त्यामुळे दृष्टी अधू होऊ शकते. काही मुले अकाली वयात येतात.

पूर्वी विवरांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घ्यावी लागत. आता एमआरआयने पुटी स्पष्ट दिसते. कवटीला लहानसे छिद्र पाडून बारीक दुर्बीण आत घालतात व पुटीची भिंत छेदून द्रवाला वाट करून देतात. शस्त्रक्रिया वेळीच झाली, तर बहुतेकांचे डोलणे थांबते किंवा कमी होते. गेलेली दृष्टी मात्र क्वचितच पूर्णपणे परत येते.