परदेशी शिक्षणाची वाट आणि उशिराचे विमान

मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की घरात जणू लगीनघाई सुरू होते. मेतकूट-मसाल्यांची पाकिटे बांधली जातात, बॅग वजनकाट्यावर दहादा चढते नि उतरते. फी, व्हिसा, राहण्याची जागा, स्वेटर, कुकर, सगळ्याचा विचार झालेला असतो. होत नाही तो एकाच गोष्टीचा : विमान वेळेवर सुटलेच नाही तर?

खरे तर जाण्याचा मोसमच असा की ही शंका आधी यायला हवी. अमेरिका आणि ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. म्हणजे मुंबईहून निघायचे ते ऐन पावसाळ्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईचा विमानतळच बंद पडला होता. जानेवारीच्या सत्रासाठी दिल्लीहून निघणाऱ्यांना धुके गाठते. वाटेतही विघ्ने असतात. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत विक्रमी पाऊस झाला आणि हजारो प्रवासी तेथे अडकले. जून २०२५ मध्ये कतारने काही तास आपले आकाश विमानांसाठी बंद केले, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्यांचे बेत कोलमडले.

विमानाचा उशीर आपल्या हातात नसतो. पण त्या उशिराने नुसती झोप बिघडणार की सत्राची सुरुवातच बिघडणार, हे मात्र बरेचसे तिकीट काढतानाच ठरून गेलेले असते.

तिकीट काढताना

विद्यार्थ्याचा प्रवास ही एक साखळी असते. पहिले विमान, दुसरे विमान, खोलीची किल्ली, परिचयवर्ग, नावनोंदणी. एक कडी निसटली की पुढच्या सगळ्या खडखडतात. म्हणून पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असावा. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी मग विमान कंपनीची राहते. चार पैसे वाचवण्यासाठी दोन वेगळी तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही एवढेच खरे. शिवाय बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट तारखेची. ‘आणखी चार दिवस घरी राहू दे’ असे आईला वाटणे स्वाभाविक आहे. पण वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पोहोचणारे तिकीट म्हणजे विस्तवाशी खेळ. अमेरिकेच्या एफ-१ व्हिसावर आय-२० मधील आरंभाच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत प्रवेश मिळतो. निदान आठवडाभराची सवड ठेवण्यास कसलीच आडकाठी नाही. तेवढ्या दिवसांच्या राहण्याची सोय मात्र आधी विचारून घ्यावी.

हातातल्या बॅगेत

मोठ्या बॅगा विमान कंपनीच्या ताब्यात गेल्या की रात्र विमानतळावर काढावी लागली तरी त्या बहुधा हाती येत नाहीत. म्हणून पासपोर्ट, आय-२० किंवा प्रवेशपत्र, फी भरल्याच्या पावत्या, दोन-तीन दिवसांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, एक कपड्यांचा जोड आणि थोडा कोरडा खाऊ हातातल्या बॅगेतच हवा. पॉवर बँक तर नियमानेच तेथे ठेवावी लागते. दुबई-दोहाला ब्रिटनसारखा चौकोनी तीन पिनांचा प्लग चालतो, फ्रँकफर्टला गोल दोन पिनांचा. महत्त्वाचे फोन नंबर कागदावरही लिहून द्यावेत. मोबाइल नेमका गरजेच्या वेळी मान टाकतो.

काउंटरवर

उशीर जाहीर झाला की सगळी गर्दी एका काउंटरवर तुटून पडते. रांगेत उभे राहावेच, पण त्याच वेळी कंपनीच्या ॲपवर आणि फोनवरही प्रयत्न चालू ठेवावा. आवाज चढवण्यापेक्षा नेमके प्रश्न विचारावेत : पुढचे विमान कोणते? जेवणाची सोय काय? हॉटेल मिळणार का आणि तेथे जायला व्हिसा लागेल का? उशिराचे कारण लेखी मागून घ्यावे.

हक्कही ठाऊक असावेत. आपल्या डीजीसीएच्या नियमानुसार, रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारे विमान ६ तासांहून अधिक रखडले, तर प्रवाशाला हॉटेलची सोय मिळायला हवी. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाखाली युरोपीय कंपनीचे मुंबईहून निघालेले विमान ३ तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. मात्र वादळ-पावसासारखे कारण असेल तर नाही. बॅग उशिरा मिळाली, तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. भारत २००९ पासून सामील असलेल्या माँट्रियल करारात ही मुदत आहे. बॅग आली नाही, तर त्याची नोंद विमानतळ सोडण्यापूर्वीच करून घ्यावी.

विद्यापीठाला कळवावे

वेळेत पोहोचणे अशक्य दिसले की परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला लगेच ई-मेल पाठवावा. नाव, विद्यार्थी क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि नवी वेळ, एवढे पुरे. अमेरिकेत आय-२० वरील तारीख उलटणार असेल, तर विमानात बसण्यापूर्वीच त्या कार्यालयाकडून लेखी संमती किंवा नवा आय-२० घ्यावा. नाहीतर तेथील इमिग्रेशनच्या खिडकीशी अडचण उभी राहू शकते. ब्रिटनमधील विद्यापीठे उशिरा नोंदणीची शेवटची तारीख ठरवून देतात. ती आधीच टिपून ठेवावी. खोलीची किल्ली रात्री कोण देणार, हेही विचारावे. ऑगस्टमध्ये शिकागोत सकाळचे साडेआठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात झालेले असतात. त्या सुमारास फोन केला तर कार्यालय उघडलेले असते.

आई-वडिलांचे काम

रात्री दोन वाजता परक्या विमानतळावरून ‘आई, विमान चुकलं’ असा फोन आला की कोणाचाही जीव खालीवर होईल. पण घरातल्या पाच जणांनी दर दहा मिनिटांनी फोन केला, तर मुलाची बॅटरीही संपते आणि धीरही. बोलणारी व्यक्ती एकच ठरवावी. पुढचा फोन केव्हा, तेही ठरवावे. घरून जमेल ते करावे, म्हणजे विमा कंपनीला कळवणे, न्यायला येणाऱ्यांना नवी वेळ सांगणे. काउंटरवरचे बोलणे मात्र मुलालाच करू द्यावे.

परदेशात पुढे बँक, घरमालक, दवाखाना, सगळीकडे त्याला स्वतःच बोलायचे आहे. घरच्यांनी आधी नीट समजावून पाठवले असेल, तर त्याची सुरुवात विमानतळावरच होते. ‘मी विचारून घेतलं, उद्या सकाळचं विमान मिळालंय,’ हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर त्या रात्री घरच्यांनाही थोडी झोप लागेल.